चौकशीच्या घरचं पाणी

ही गोष्ट २०१८ च्या जानेवारीतली. मला अडुसष्टावं लागलं होतं, गुडघे अजून ऐकत होते, आणि निपाणीहून कारवारपर्यंत बसनं एकटी जाण्याची माझी तयारी होती.

जायचं कारण माझी नात, पारमिता. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ती यंत्रांचे नकाशे काढायची. शेजारच्या टेबलावर साईराज नावाचा मुलगा बसायचा. दोन वर्षं शेजारी बसल्यावर दोघांनी लग्न करायचं ठरवलं. साईराजचं घर कारवारला, मूळ गाव खानापूरकडचं. ते मराठा, आम्ही बौद्ध. त्याच्या आईवडिलांनी फोनवरच होकार दिला, आणि तो इतक्या लवकर दिला की मला पहिली शंका तिथंच आली.

माझा मुलगा भीमरत्न बँकेत आहे, माणसांपेक्षा कागद त्याला बरे कळतात. तो म्हणाला, आई, मी गेलो तर ते मला नुसतं घर दाखवतील, माणसं कळायला तू जा. पारमिता मला बेळगावच्या स्टँडवर सोडायला आली. बस सुटायला वेळ होता. खिडकीची दांडी धरून ती म्हणाली,

"आज्जी, तू न्हाय म्हणालीस तर मी करणार न्हाय. पण कारण खरं सांगायचं. माझं मन राखायला काहीतरी सांगशील तर मला कळतंय."

मी व्हय म्हटलं. बस खानापूर ओलांडून जंगलात शिरली तरी ते वाक्य माझ्या शेजारी बसून होतं.

आमच्या घरात बोलणी होण्याआधी एका जाणत्या बाईनं गुपचूप जाऊन यायची पद्धत होती. माझ्या आईनं अशा सात-आठ सोयरिकी पारखल्या. तिचे नियम ठरलेले होते. त्या गावात आपल्या ओळखीकडं उतरायचं. मुलाच्या घरी एकदाच जायचं, बाकीची चौकशी बाजारात करायची. वाणी, दूधवाला, मासेवाली, यांना घरातलं सगळं ठाऊक असतं. आणि चौकशीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. पाणी घेतलं की आपण पाहुणे झालो, आणि पाहुणीला काही दिसलं तरी बोलता येत नाही, असं आई म्हणायची. आई विड्या वळायची. मीही सातवीपर्यंत तिच्या शेजारी बसून वळल्या. पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. साईराजच्या घरी पाठवलेल्या माहितीत तेवढंच लिहिलं होतं, मुलीची आजी निवृत्त मुख्याध्यापिका. विड्यांचं कुणी लिहिलं नव्हतं.

कारवारला माझी ओळख म्हणजे नागू. नागुबाई, माहेर अनगोळचं, मराठा शेतकऱ्याची मुलगी. १९६९ साली बेळगावात टीसीएचला, म्हणजे मास्तरकीच्या शिक्षणाला, आम्ही एका वसतिगृहात होतो. पहिल्या रात्री मी ताट घेऊन बसले तशा शेजारच्या तिघी उठून पलीकडं गेल्या. नागू उशिरा आली, रिकाम्या जागेत बसली आणि न विचारता माझ्या डब्यातली शेंगाचटणी घेतली. "तीळ कमी पडलाय," म्हणाली. तिथून आमची मैत्री. लग्नानंतर ती कारवारला गेली. नवरा बंदर खात्यात कारकून होता. तो वारल्यावरही ती कोडीबागेतल्या दोन खोल्यांत एकटीच राहिली. मुलगी पुण्याला बोलावते, पण समुद्राशिवाय झोप लागत नाही म्हणते. साईराजच्या घरी तिची येजा होती. फोनवर तिनं मला एवढंच सांगितलं, "घर चांगलं हाय. तू ये, मी फिरवते."

शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडं गेलो. साईराजचे वडील यल्लाप्पा बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर. आई दिपाली, बारीक अंगाची, इस्त्रीची साडी नेसलेली. खोलीत नवा सोफा होता, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, त्यामुळं बसताना आवाज झाला. फिनेलचा वास इतका होता की डोळे चुरचुरले. दिपालीनं पाणी आणलं. मी नको म्हटलं. मग चहा आणि मुद्दाम बेळगावहून मागवलेला कुंदा आणला. मी आत्ताच झालंय म्हणून ताट परत सरकवलं. तिनं पुन्हा आग्रह केला, मी पुन्हा हात आडवा केला. ताट उचलताना तिचा हात कापत होता. मी तेही मनात टिपून ठेवलं. हात कशाला कापावा?

साईराजची आजी दिसत नव्हती. मी सहज विचारलं. दिपाली म्हणाली, त्या खानापूरला जत्रेला गेल्यात. थोड्या वेळानं आतून यल्लाप्पा आले, बायको काय म्हणाली ते त्यांच्या कानावर आलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, आई नेमकी अंकोल्याला बहिणीकडं गेलीय, नाहीतर भेटली असती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. नागूनं लगेच साईराजच्या लहानपणीचा काहीतरी विषय काढला.

निघताना मी हात धुवायला मागं गेले. खिडकीत मिश्रीची डबी होती, झाकण उघडं, आणि काठाला लागलेली मिश्री ओली. आमच्या भागातली म्हातारी बाई चार दिवस गावाला जाताना एखादं लुगडं विसरेल, मिश्री विसरणार नाही. म्हातारी सकाळपर्यंत याच घरात होती.

त्या रात्री मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. १९८४ मध्ये मी एका खेड्यात शाळेवर होते. तिथं एका मास्तरांच्या घरी माझं जाणं-येणं होतं. मास्तर चांगले, त्यांची बायको चांगली. पण मी उंबऱ्यात पाय ठेवला की मास्तरांची आई आतल्या खोलीत जायची आणि मी निघेपर्यंत बाहेर यायची नाही. कुणी काही बोलायचं नाही. मी दोन वर्षं तो चहा प्यायले. नंतर कळलं, मी गेल्यावर म्हातारी कप वेगळा ठेवायला लावायची. आता साईराजची आजीही माझ्यासमोर यायला नको म्हणून कुठंतरी बसवून ठेवली होती. मुलगा, सून सरळ असतील, पण पारमिताला त्या घरची सून व्हायचं होतं. ती स्वयंपाकघरात शिरली की कुणीतरी उठून जाणार, आणि बाकीचे तिला म्हणणार, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. तेवढ्यासाठी मी तिला वाढवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार, कारवारचा बाजार. नागूनं मला सकाळीच नेलं. घाटावरची भाजी घेऊन आलेल्या बायका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. हल्याळच्या, बेळगावच्या, एकीची बोली तर थेट आमच्या गल्लीतली. मला एरवी तिथं तासभर रमायला आवडलं असतं. पण मी कान लावून फिरत होते. नागूनं मला एका वाण्याकडं नेलं, मी यल्लाप्पांच्या घराबद्दल विचारलं. घर सोन्यासारखं म्हणाला, आणि लगेच पुढं, "आज्जी तेवढी गावाला गेलीय." मी आजीचं नाव काढलंच नव्हतं. नारळवाल्याकडं तेच. मासळी बाजारात नागूची नेहमीची मासेवाली होती, तिनं बांगड्यांवर पाणी मारता मारता घराची तारीफ केली आणि कोकणीत म्हणाली, म्हातारी गावाला आहे हो बाय. नारळवाल्याला आणि मासेवालीला एका म्हातारीचा प्रवास इतका पाठ कशाला असावा?

मग मला आठवलं, शनिवारी संध्याकाळी नागू कोथिंबीर आणायला म्हणून गेली ती दोन तासांनी परत आली होती. कोथिंबीर आणली नव्हतीच.

मी मासेवालीकडून सुक्या कोळंबीची एक पुडी घेतली. तिच्याकडं वर्तमानपत्राच्या पुड्या आधीच भरून ठेवल्या होत्या. पुडी हातात आली आणि मी थांबले. शंकूसारखी वळलेली, तोंड चार बारीक घड्यांनी आत दाबलेलं, प्रत्येक घडीवर नखाची खूण, आणि दोऱ्याचे दोन वेढे, गाठ नाही, टोक वेढ्याखाली खोचलेलं. ही विडीची घडी होती. तेंदूचं पान असंच मिटतात, असाच दोरा बांधतात. माझी बोटं पंचावन्न वर्षं ती घडी विसरली नव्हती. निपाणीची कुणीतरी विडी वळणारी बाई इथं मासे भरत होती.

मी मासेवालीला विचारलं, या पुड्या कोण बांधतं? ती नागूकडं बघून म्हणाली, बंदरावरनं येतात. नागू म्हणाली, "चल गं, ऊन चढतंय."

मी बंदर बघू म्हटलं. बैतखोलचं बंदर तिच्या घरापासून रिक्षानं फार नाही. नागू म्हणाली, तिथं काय बघायचंय, बुळबुळीत फरशी, वास, पाय घसरला तर तुझ्या मुलाला काय सांगू? त्यापेक्षा काळी नदीचा पूल बघ, किनारा बघ. तिनं मला पुलावर नेलं. किनाऱ्यावर नेलं, तिथं ठेवलेली जुनी युद्धनौका दाखवली, समोरची बेटं बोटानं मोजून दाखवली. गेली चाळीस वर्षं पत्रांत आणि नंतर फोनवर ती मला सांगायची, तू एकदा आलीस की पहिल्यांदा बंदरावर नेईन, होड्या कशा खाली होतात ते बघ. आता मी आले होते आणि बंदर सोडून सगळं कारवार ती मला दाखवत होती.

सुरूच्या झाडाखाली आम्ही बसलो. तिनं पिशवीतून सोललेलं संत्रं काढलं. मी हातात घेतलं नाही. माझ्या डोक्यात एकच गणित पक्कं झालं होतं. नागू त्यांच्या बाजूची आहे. तिनं बाजारात आधी फिरून सगळ्यांना शिकवलंय. आणि ती मराठ्याची मुलगी, तेही मराठा, शेवटी माणूस आपल्या माणसाकडं जातं, इथपर्यंत मी पोचले होते. पन्नास वर्षांत कधी न आलेला विचार, पण तो आला तेव्हा जुन्या ओळखीचा असल्यासारखा आला.

मी विचारलं, "नागू, त्यांनी तुला काय कबूल केलंय?"

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. ती संत्र्याच्या फोडीचे दोरे काढत राहिली, मग ती फोड वाळूत ठेवून दिली.

"तुझ्या डब्यातली चटणी खाल्ली तवा मला कुणी काय कबूल केलं हुतं, तानी?"

मी उठले. रस्त्यावर रिक्षा मिळाली, बैतखोल म्हटलं. नागू मागून येऊन शेजारी बसली. बंदराजवळ उतरल्यावर तिनं मला एकदाच सांगितलं की मी शपथेत अडकलेय, मला विचारू नको, आणि ती चार पावलं मागं राहिली.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. टोपल्या वरून खाली, हातोहात येत होत्या. बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता, आणि फरशी नागूनं सांगितली होती तशीच बुळबुळीत होती. धक्क्याच्या टोकाला, पत्र्याच्या सावलीत, सुकी मासळी घेऊन पाच-सहा बायका बसल्या होत्या. मला शोधायला लागलं नाही. त्यातली सगळ्यात म्हातारी एक पाय लांब सोडून, दुसरा मुडपून, मांडीवर सूप घेऊन बसली होती. कोळीण बाई अशी बसत नाही. विडीच्या शेडात दिवसभर बसलेली बाई अशी बसते, आणि हात चालतो तशी अंगानं पुढंमागं हलते. सुपात कोळंबी होती. दोऱ्याचं टोक दातात होतं.

मी तिच्यासमोर पोत्यावर बसले, पाव किलो मागितली. माझी बोली ऐकून तिनं एकदा वर बघितलं. पुडी वळली, तोंड मिटलं, दोन वेढे, टोक खोचलं. माझ्या आईपेक्षा हात जलद होता.

मी विचारलं, "निपाणीत कुठल्या शेडात हुता?"

तिचा हात थांबला. "मी हितलीच," ती म्हणाली. शेजारच्या दोघी आमच्याकडं बघायला लागल्या.

मी तिच्या गठ्ठ्यातला एक कागद घेतला. तिच्या सुपातली कोळंबी भरली, पुडी वळली, चार घड्या घातल्या, तिचाच दोरा घेऊन दोन वेढे दिले आणि तिच्या पुडीशेजारी ठेवली. ती बराच वेळ दोन्ही पुड्यांकडं बघत होती. मग माझी उचलली, कारखान्यातला तपासनीस ओढून बघतो तसा दोरा ओढून बघितला.

"ढिला हाय," ती म्हणाली. "ही छाटात गेली असती."

"गेली असती," मी म्हटलं. छाट म्हणजे बाद ठरवून फेकलेल्या विड्या. लहानपणी माझ्या फार जायच्या.

"अक्कोळ रस्त्याच्या शेडात," ती मग म्हणाली. "सोळा वरसं." तिचा आवाज बदलला होता. आणि तेवढ्यात तिला माझ्या मागं उभी असलेली नागू दिसली. तिनं एकदा नागूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"नागूबाय, ही मास्तरीण न्हवं?"

नागूनं मान हलवली. तेव्हा मला कळलं की ही साईराजची आजी. नाव लगमव्वा. जत्रेला, अंकोल्याला, गावाला, सगळीकडं गेलेली आजी घरापासून दोन मैलांवर रोजच्या जागी बसली होती.

माझ्या मनात होतं तेच मी बोलले. तुम्हाला त्यांनी घरातून घालवलं काय, असं विचारलं. लगमव्वा हसली. तिला कोण घालवणार? तिनंच सांगितलं होतं की हेडमास्तरीण येणार, घरात सुक्याचा वास नको, मी नको. चाळीस वर्षं ती पहाटे बंदरावर येत होती. मुलानं किती सांगितलं, आता बस कर. घरात बसलं की हात दुखतात, म्हणाली. खानापूरकडून ती पोटासाठी नवऱ्याबरोबर निपाणीला गेली होती, नवरा मेल्यावर मुलाला घेऊन इथं आली, टोपल्या उचलल्या, याच धक्क्यावर मुलाला मोठं केलं. पण हे शिकलेल्या बाईला सांगायला तिला लाज वाटली. सगळ्या बाजाराला तिनंच निरोप धाडला होता, तोही नागूच्या हाती, नातवाची शपथ घालून.

मी म्हटलं, "मला वाटलं, आमच्याशेजारी बसायला नको म्हणून तुमी दडला."

लगमव्वा कोळंबीतले खडे वेचत राहिली. नागू काहीतरी बोलायला पुढं झाली तसा तिनं हात वर केला.

"ते बी हुतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पंधरा दिस मी पोराशी बोलले न्हाय. माझ्या ताटात जेवलेलं पोरगं, आनि जात सोडून चाललंय, म्हटलं." तिनं खडा बाजूला टाकला. "मग एक दिस हितंच बसले हुते. मनात आलं, शेडात माझ्या डाव्या अंगाला तुमच्यातलीच एक बसायची, सुबाबाय. माझी पानं वाळली की तिच्या ओल्या फडक्यातली घ्यायची. तिनं थुंकी लावून मिटल्याली विडी मी माझ्या जुडीच्या कट्ट्यात बांधायची. सोळा वरसं काय न्हाय झालं. आता नातवाच्या टायमाला कुठनं आला इटाळ?"

ती माझ्याकडं रोखून बघत होती.

"आनि तू गं?" ती म्हणाली. "तू काल आमच्या घरात पान्याला हात लावला न्हाईस. माझी सून रातभर रडली. त्यांनाच आपल्या घरचं चालत न्हाय म्हणाली."

मी आयुष्यभर पाण्याचा हिशेब ठेवला. कुणी वरून ओतलं, कुणी कप वेगळा ठेवला, कोण उठून आत गेलं, सगळं तारखेसकट माझ्या ध्यानात आहे. पण पाणी नाकारणारी मी असू शकते, आणि समोरची बाई त्यानं रडू शकते, हे मला कधी सुचलंच नव्हतं. दिपालीचा कापणारा हात मी बघितला होता. तो माझ्यामुळं कापत होता.

मी लगमव्वाला आईचा नियम सांगितला. चौकशीच्या घरचं पाणी घेत नाहीत म्हणून. तिनं ऐकून घेतलं.

"असंल," ती म्हणाली. "पर तिला काय म्हाईत?"

तिच्या पिशवीत स्टीलचा थर्मास होता. तिनं टोपणात चहा ओतला, अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला माझ्यासमोर धरला. धुतलं नाही, पुसलं नाही. मी घेतला. चहाला सुक्या कोळंबीचा वास होता, साखर फार होती. मी तळापर्यंत प्यायले. शेजारच्या बायका पुन्हा आपापल्या टोपल्यांकडं वळल्या.

मी मागं वळून बघितलं तर नागू तिथं नव्हती. ती रिक्षात जाऊन बसली होती.

परतताना आधी दिपालीकडं थांबलो. तिनं दार उघडलं तेव्हा मी उभ्या उभ्याच पाणी मागितलं. ती आत पळाली. नागू दारातच थांबली. घरी जाताना मी म्हटलं, नागू, चुकलं माझं. ती "व्हय" म्हणाली. रात्री तिनं माझ्या आवडीचे तारले मासे केले, मी जेवेपर्यंत वाढलं, आणि झोपताना पांघरूण दिलं. सकाळी स्टँडवर येऊन खिडकीजवळची जागा बघून मला बसवलं. बस हलली तेव्हा हात वर केला. मी पुन्हा माफी मागितली नाही. दोनदा माफी मागितली की पहिल्या माफीचं मोल कमी होतं असं मला वाटलं. आता वाटतं, मागायला हवी होती.

बेळगावच्या स्टँडवर पारमिता वाट बघत होती. मी व्हय म्हटलं. तिनं कारण विचारलं, खरं. मी सांगितलं. त्यांनी आजीला दडवलं होतं आणि माझ्याशी खोटं बोलले. आजीला पंधरा दिवस तू नको होतीस. आणि मी त्यांच्या घरचं पाणी न घेऊन तुझ्या सासूला रडवलं. पारमिता गोंधळली. "मग व्हय कशाला म्हणतीस?" मी म्हटलं, यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट मला त्याच घरातल्या माणसानं तोंडावर सांगितली. ज्या घरात असं सांगणारं माणूस आहे तिथं तुला अंधारात राहावं लागणार नाही.

लग्न मे महिन्यात बेळगावला झालं, खासबागच्या एका हॉलमध्ये. लगमव्वा शहापूरची हिरवी साडी नेसून आली आणि पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली. लॉकडाऊनमध्ये बंदर बंद झालं तेवढेच महिने ती घरात राहिली. पुन्हा बसायला लागली तेव्हा मला फोन करून दोऱ्याचा भाव वाढलाय म्हणून तक्रार केली. २०२२ मध्ये ती गेली, झोपेत. तिचं सूप पारमितानं मागून आणलं, ते आता त्यांच्या अनगोळच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टांगलेलं आहे. यल्लाप्पा निवृत्त होऊन घरी आहेत आणि सोफ्यावरचं प्लास्टिक निघालं आहे. दिपाली वर्षातून एकदा निपाणीला येते. मी कारवारला गेले तर आधी पाणी आणते आणि मी संपवेपर्यंत समोर उभी राहते. पारमिताला आणि साईराजला मुलगी झाली, सौम्या, पाच वर्षांची आहे, कागदाच्या पुड्या वळायला तिला मी शिकवलंय. दोरा ढिलाच राहतो.

नागू अजून कोडीबागेत आहे. लग्नाला आली होती, आहेर केला, जेवून गेली. फोन उचलते, गुडघ्यांचं विचारते, पुण्याच्या नातवाचं सांगते. फक्त त्या रविवारपासून तिनं मला तानी म्हणायचं सोडलं. दर जानेवारीत मी कारवारच्या बसच्या ड्रायव्हरकडं शेंगाचटणीचा डबा देते. दुसऱ्या दिवशी तिचा फोन येतो. "चटणी पोचली, तानीबाई. चांगली झालीय." मी मुद्दाम तीळ कमी घालते. ती काही म्हणत नाही.